माळढोकाच्या मानेतला दाणा

महिन्यातून एकदा तरी माझ्या दुकानात असं गिऱ्हाईक येतंच. खुर्चीत ऐसपैस बसतं, मोबाइल टेबलावर पालथा ठेवतं आणि म्हणतं, "लोगो असा करा बघा, नातवंडांपर्यंत टिकला पाहिजे. आपल्या त्या माळढोक चादरीवरच्या पक्ष्यासारखा. मानेत तो दाणा कसा ठेवलाय! तसं कायतरी अर्थाचं करा की."

मी मान डोलवतो. करणार काय? दाण्याची खरी हकीकत सांगायला बसलो तर गिऱ्हाईक मलाच वेड्यात काढेल. ज्यानं तो माळढोक काढला, त्या माणसाचं कोणी ऐकलं नाही, तिथं माझं कोण ऐकणार?

तो माणूस म्हणजे अंबादासअण्णा. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत जन्मलेले. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. चादरी, टॉवेल, उदबत्ती, शेंगाचटणी, गावातल्या निम्म्या मालावरची चित्रं या एका माणसानं काढली, आणि एकावरही त्यांचं नाव नाही. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. त्यांच्यासमोर 'लोगो' म्हटलं मात्र, की त्यांचं डोकं फिरायचं. "लोगो पुण्यात. हितं मार्का म्हणायचं. मार्का बाजारात जातो, लोगो मीटिंगमदी बसतो."

माझं डिझाइन आणि छपाईचं दुकान साखर पेठेत. कारखाने एकेक करून बंद पडायला लागले तसं अण्णांचं काम कमी झालं आणि ते रोज सकाळी माझ्याकडे येऊन बसायला लागले. मी बोलावलं नव्हतं. एक दिवस आले, दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीच्या मागं स्वतःचं स्टूल घेऊन आले. त्यानंतर ते स्टूल कधी हललं नाही.

त्या स्टुलावरून माझा पडदा त्यांना पूर्ण दिसायचा आणि त्यांचा हात माझ्या कीबोर्डपर्यंत आरामात पोचायचा. शर्टाच्या खिशात पेन नसायचं, भाजलेले शेंगदाणे असायचे. एकेक दाणा काढायचा, बोटांत चोळायचा, फुंकर मारायची आणि तोंडात टाकायचा. फोलपटं उडून पडायची ती थेट कीबोर्डात. माझे किती कीबोर्ड त्यांच्या शेंगदाण्यांनी खाल्ले याचा हिशेब मी सोडून दिला. बोललो तर म्हणत, "अरे, फोलपटाला काय वजन असतंय व्हय?" हे त्यांनी म्हणावं म्हणजे कमाल होती. का, ते पुढं येईलच.

काम संपत आलं की खरा छळ सुरू व्हायचा. अण्णा म्हणायचे, "प्रिंट काढ. जा पलीकडं." म्हणजे मी कागद घेऊन रस्ता ओलांडायचा, समोरच्या पिठाच्या गिरणीपाशी उभं राहायचं आणि कागद दोन्ही हातांनी छातीशी धरायचा. अण्णा दुकानाच्या पायरीवर उभे राहून, कपाळावर हाताची झापड करून बघत बसायचे. मधून रिक्षा, हातगाड्या, मोटारसायकली. सोलापूरचं ऊन. गिरणीवाला दर वेळी विचारायचा, "आज कशाची जाहिरात, महेशभाऊ?" मी ओरडायचो, "झालं का, अण्णा?" तिकडून उत्तर यायचं, "थांब रे! अजून बसला न्हाय."

काय बसायचं होतं ते देवाला ठाऊक. अण्णांचं म्हणणं एवढंच, की रस्त्याच्या पलीकडून ओळखू आला तर मार्का, नाहीतर रांगोळी. एवढ्यावर भागलं असतं तरी मी काही म्हणालो नसतो. पुढून बघून झालं की कागद उलटा धरायला लावायचे. उजेडात कागदाच्या पाठीवर चित्र उमटतं ते बघायचं. "अण्णा, बिस्किटाचा पुडा आहे हा! त्याला मागून कोण बघतंय?" असं मी कळवळून विचारायचो. त्यांच्यापुढं त्याचा उपयोग शून्य. ते वाढले चादरीत. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरायची असते. पुढून पांढऱ्यावर निळा पक्षी असेल तर मागून निळ्यावर पांढरा, आणि तोंड दुसरीकडं. दोन्हीकडून तो दिसायला पाहिजे. म्हणून मार्क्यात अक्षर घालायला त्यांचा ठाम नकार. "अक्षर मागून बघितलं की येड्यागत दिसतंय. पक्षी मागून बी पक्षीच."

या हट्टापायी माझी गिऱ्हाइकं किती पळाली! एक शेंगाचटणीवाले आले होते. त्यांना पुड्यावर नाव पाहिजे होतं, मिरच्या पाहिजे होत्या, शेंगांचा ढीग, सिद्धेश्वराचं देऊळ आणि मधोमध स्वतःचा फेट्यातला फोटो. अण्णांनी स्टुलावरूनच एकेक गोष्ट खोडायला सुरुवात केली. देऊळ गेलं, मिरच्या गेल्या, फोटो गेला. शेवटी कागदावर उरली तीन बोटांची चिमूट. खरं सांगतो, सुरेख होती. बघताना तोंडाला पाणी सुटत होतं. चटणीवाल्यांनी कागद फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "मी कुटं हाय ह्याच्यात?"

"तुमी न्हाय," अण्णा म्हणाले, "म्हणून तर खपंल."

ते गृहस्थ उठून गेले ते परत आले नाहीत. दुसऱ्याकडून देवळासकट, फेट्यासकट पुडा करून घेतला आणि तो धडाक्यात खपतो. अण्णांना ती चटणी आवडायची. खायला काढली की आधी अंगठा त्या फोटोवर ठेवायचे, आणि मगच पुडी उघडायचे.

आता माळढोक.

अण्णा तरुण होते तेव्हाची गोष्ट. एका चादरीच्या कारखान्याच्या मालकांना नवा मार्का हवा होता. मोर, हत्ती, कमळ सगळं बाजारात होतं. अण्णा माळढोक बघायला सायकल घेऊन गावाबाहेर नान्नजच्या माळावर गेले. माळढोक काही दिसला नाही. मेंढरं राखणारा एक धनगर भेटला. पाखरू कसं असतं असं विचारल्यावर त्यानं काठी टेकली, मान ताठ केली, छाती पुढं काढली आणि माळावर पाच-सात पावलं चालून दाखवलं. अण्णा म्हणायचे, "मी पक्षी काढलाच न्हाय. त्या धनगराला काढलंय." खरंच, तो माळढोक बघा कधीतरी. पक्ष्यापेक्षा गावातला एखादा मानी म्हातारा वाटतो.

चादरीत चित्र विणायचं म्हणजे आधी ते चौकटीच्या कागदावर घर घर रंगवून काढावं लागतं. जिथं घर भरलंय तिथं एक रंग वर येणार, जिथं कोरं तिथं दुसरा. त्यावरून जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि माग त्या भोकांप्रमाणे विणतो. अण्णा लाल रंगानं घरं भरत बसले होते आणि शेंगदाणे खात होते. एक फोलपट उडून पक्ष्याच्या मानेतल्या अजून कोऱ्या घरांवर पडलं आणि कडेच्या ओल्या रंगाला चिकटलं. रंग लाल, फोलपटही लाल. अण्णांनी ती घरं भरलेली आहेत असं समजून पुढचं काम केलं. कागद कारखान्यात गेला, वाटेत फोलपट वाळून गळून पडलं. भोकं पाडणाऱ्यानं कागदात कोरं दिसलं तसं कोरं ठेवलं. चादर विणून आली तेव्हा माळढोकाच्या निळ्या मानेत हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरा ठिपका!

अण्णा धावत मालकांकडे गेले. तोवर पहिला माल बाजारात गेला होता. मालक म्हणाले, पुढच्या खेपेला दुरुस्त करू. पुढची खेप यायच्या आधीच लोकांनी त्या ठिपक्याला दाणा म्हणायला सुरुवात केली. माळढोकानं ज्वारीचा दाणा टिपलाय आणि तो गळ्यातून खाली उतरतोय! गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणू लागलं, दाणेवाली चादर द्या. मग नकली माल आला. नक्कल करणाऱ्यांना तो ठिपका विणकामातला दोष वाटला आणि त्यांनी इमानदारीनं मान भरून काढली. दुकानदारांना आयतीच खूण मिळाली. दाणा आहे तर अस्सल, नाही तर डुप्लिकेट. आता मालक कशाला दुरुस्त करतात? अण्णा दुरुस्तीचं सांगायला गेले की ते चहा मागवायचे आणि म्हणायचे, "अंबादास, त्या एका दाण्यावर कारखाना चाललाय. बोट लावायचं न्हाय."

झालं! गावानं ज्या गोष्टीला डोक्यावर घेतलं ती या माणसाच्या डोळ्यांत आयुष्यभर कुसळासारखी सलत राहिली. चादर दिसली की आधी मान बघायचे आणि तोंड फिरवायचे. ST स्टँडवर कोणी अंगावर घेऊन झोपलेलं दिसलं तरी तेच. लग्नात आहेर म्हणून ती चादर आली तर घडी न मोडता दुसऱ्याच्या लग्नात देऊन टाकायचे. त्यांची एकच मागणी होती: डोळे शाबूत आहेत तोवर एकदा तरी आपला पक्षी भरल्या मानेनं बघायचा. पद्माकाकू, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणायच्या, "घरातला नळ गळतोय, तिकडं बघायला टाईम न्हाय. पाखराच्या मानेची काळजी लागलीया."

एकदा एका संस्थेनं अण्णांचा सत्कार ठरवला. मीच खटपट केली होती, म्हटलं निदान गावाला माणूस तरी कळू दे. निवृत्त मुख्याध्यापक भाषणाला उभे राहिले. त्या दाण्यावर ते असे काही बोलले की माझ्याही अंगावर काटा आला. कोरडवाहू माळावरचं पाखरू, एका दाण्यात समाधान मानणारं, पण मान ताठ! हाच आपला सोलापूरकर! टाळ्या थांबेनात. अण्णा उठले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "ती चूक हाय. फोलपट चिकटलं हुतं." मग सगळी हकीकत सांगितली, कागद, रंग, शेंगदाणे, सगळं.

सभागृहानं मन लावून ऐकलं. आणि मग पहिल्यापेक्षा मोठ्या टाळ्या. मुख्याध्यापकांनी डोळे पुसले. "एवढा मोठा कलावंत आणि ही नम्रता!" अण्णा ओरडले, "अय्यो, नम्रता न्हवं, फोलपट!" पण तोवर शाल खांद्यावर पडली होती. घरी जाताना रिक्षात ते माझ्यावर इतके चिडले की जणू ते फोलपट मीच टाकलं होतं. "परत माझा सत्कार केलास तर बघ!" मी हात जोडले. सत्काराचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

आणखी एकदा तर त्यांनी हद्दच केली. मंगळवारच्या बाजारात एका गाड्यावर त्यांना डुप्लिकेट माळढोक चादर दिसली आणि ती त्यांनी विकत घेतली! कारखान्याच्या मालकांना कोणीतरी जाऊन सांगितलं. ते तडक माझ्या दुकानात आले, चेहरा लाल. "अंबादास, तू? माझ्या पोटावर पाय देतोस?" अण्णांनी शांतपणे चादर उलगडली. "मान बघा मालक, कशी भरलीय. पण पक्षी बघा. कोंबडी केलीय हो कोंबडी! ही मान आपल्या पक्ष्याला पाहिजे. तेवढं एकदा बघू द्या." मालक कपाळाला हात लावून बसले. मी चहा सांगितला. दोघांच्या मधे ती कोंबडी पसरलेली, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. अशा वेळी माणसानं कोणाची बाजू घ्यावी?

पुढं मालक वारले, कारखाना त्यांच्या मुलीकडं आला. प्रणिताताई हुशार आणि स्वभावानं गोड. ऑनलाइन विक्रीसाठी सगळं नवं करायचं म्हणून माळढोक कॉम्प्युटरवर स्वच्छ काढून द्यायचं काम त्यांनी मला दिलं. निघताना दारातून वळून म्हणाल्या, "बाकी काय पण करा, दादा. दाण्याला हात लावू नका."

मागून स्टूल करकरलं.

त्या आठवड्यात मी काय भोगलंय ते माझं मला ठाऊक. मी रेघ ओढली की कानाशी कुजबूज, "भर की ते. कोण बघतंय?" मी म्हणायचो, "अण्णा, तेच तर सगळे बघतात!" तेवढ्यापुरते गप्प बसायचे, चार दाणे खायचे, पुन्हा, "एक क्लिकचं काम हाय म्हणतोस न्हवं?" एकदा मी चहा घ्यायला उठलो, परत येऊन बघतो तर अण्णा माउस हातात धरून बसलेले आणि माळढोक पडद्यावरून नाहीसा! मी त्यांच्यावर ओरडलो. गिऱ्हाइकांसमोर ओरडलो. त्यांनी माउस हळूच खाली ठेवला.

त्याच दिवशी संध्याकाळी पद्माकाकूंचा फोन आला. अण्णांना काचबिंदू झाला होता. एक डोळा जवळजवळ गेलाच होता, दुसऱ्यातला उजेड कडेनं कमी होत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेवढं आहे तेवढं टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही. "तुला सांगू नको म्हणले हुते," काकू म्हणाल्या. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला. हा माणूस माझ्या मागं बसून रोज माझ्या रेघांमध्ये चुका काढत होता, आणि एवढी गोष्ट सांगावीशी वाटली नाही?

दुसऱ्या दिवशी मी प्रणिताताईंकडं गेलो आणि हट्टाला पेटलो. एकच चादर. विकायची नाही, दाखवायची नाही. भरल्या मानेची. त्यांना ते पटेना. एखादी जरी बाहेर गेली तरी अस्सल कुठली आणि नकली कुठली याचा घोळ होणार होता. शेवटी म्हणाल्या, "अण्णांच्या घराबाहेर जायची नाही, एवढं वचन द्या." मी दिलं. मागावरच्या माणसानं दोनदा विचारून खात्री करून घेतली, मग विणली.

रविवारी सकाळी मी ती घेऊन अण्णांच्या घरी गेलो. ते अंगणात ओट्यावर बसले होते. मी घडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी कोपरा हाताला लागेपर्यंत चादर चाचपली, डोळ्याजवळ नेली, भिंग लावलं. मान भरलेली. बोटानं ती मान वरपासून खालपर्यंत चोळली. उलटी करून बघितली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मी वाट बघत होतो, की आता काहीतरी म्हणतील. आयुष्यात एकदा तरी बरं म्हणतील.

अण्णा म्हणाले, "जा पलीकडं."

वचन घराबाहेर न नेण्याचं होतं, पण बोळ अरुंद होता आणि माणूस कोणी दिसत नव्हतं. मी गेलो, समोरच्या भिंतीला टेकून चादर पसरून धरली. चादर म्हणजे कागद नव्हे, हात भरून येतात. अण्णा ओट्यावर उभे राहिले, कपाळावर हात. बराच वेळ. मग ओरडले, "महेश! हे डुप्लिकेट हाय रे!"

मला वाटलं, ती चादर तिथंच टाकून घरी निघून जावं. किती जणांचे पाय धरले होते मी! तरातरा परत आलो, चादर त्यांच्यापुढं आपटली. "तुमचाच पक्षी आहे! तुमचीच मान! आयुष्यभर हेच मागितलंत ना?"

"व्हय," अण्णा म्हणाले. आवाज इतका बारीक की मला ओणवं व्हावं लागलं. "पण त्यो आपला वाटंना की. कुणा दुसऱ्याचाच वाटतोय."

काकूंनी शेंगदाण्यांची वाटी आणून ठेवली. अण्णांनी एक दाणा घेतला, चोळला, फोलपट वेगळं केलं. खाल्लं काहीच नाही. फोलपट जिभेला लावलं, चाचपडत पक्ष्याची मान शोधली आणि फिकट बाजू वर करून ते मानेवर दाबून बसवलं. अंगठ्यानं दाबून धरलं, लहान मुलाच्या कपाळाला टिकली लावावी तसं. मग म्हणाले, "आता जा."

मी गेलो. पुटपुटत गेलो. भिंतीपाशी पोचून चादर पसरली आणि वरून वाकून बघितलं, तर फोलपट मानेवर नव्हतं. वाटेतच कुठंतरी गळून पडलं होतं. मान भरलेली, निळी, साफ. आता हे कसं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर समोरून अण्णांचा आवाज आला.

"बसला! बघ, आता बसला! दिसतोय दाणा?"

ते ओट्याच्या अगदी कडेला आले होते. एक हात कपाळावर, दुसरा हात हवेत धरलेला, मी हलू नये म्हणून. काकूंनी मागून त्यांचा सदरा धरला होता. "दिसतोय, अण्णा," मी ओरडलो. "झ्याक दिसतोय."

"धर तसाच," ते म्हणाले.

त्यानंतर महिन्याभरात अण्णा गेले. तो सगळा महिना मी परगावी होतो, त्यामुळं त्यांचं मला घडलेलं शेवटचं दर्शन ते हेच, ओट्याच्या कडेला, कपाळावर हात. त्या सकाळी बोळातून एक मोटारसायकल गेली, कोणीतरी हसलं, ऊन तापायला लागलं. माझे हात भरून आले होते. तरी मी चादर खाली घेतली नाही, आणि "झालं का, अण्णा?" असं त्या दिवशी पहिल्यांदाच विचारलं नाही.